डिकीवाली इलेक्ट्रिक गाडी

गेले दोन महिने आमच्याकडे गाडीपुराण चालू आहे. बजेट ऑन-रोड तेरा-चौदा लाख, माणसं चार (आई-बाबा धरून), आणि गाडी इलेक्ट्रिक. इथपर्यंत घरात एकमत होतं. मग बाबांनी एक अट जोडली. "डिकीवाली बघ रे. सामान डोक्यामागे रचलेलं मला नाही आवडत." डिकीवाली म्हणजे सेडान. झालं! पुराणाचा पहिला अध्याय तिथेच अडला.

कारण मंडळी, भारतात सामान्य नोकरदाराला परवडेल अशा इलेक्ट्रिक सेडान आजवर किती आल्या? मोजून दोन. पहिली महिंद्राची ई-व्हेरिटो, जून २०१६ मध्ये. एका चार्जमध्ये ११० किलोमीटर, तेही कागदावर. ती बहुतेक सरकारी कार्यालयं आणि टॅक्सीवाल्यांकडेच दिसली. दुसरी टाटाची टिगोर ईव्ही. तिचा जन्मसुद्धा सरकारी खरेदीतूनच झाला. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, ती टाटाने जिंकली आणि डिसेंबर २०१७ मध्ये साणंदच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आपल्यासारख्यांनी घ्यावी अशी, २६ युनिट बॅटरीची टिगोर यायला ३१ ऑगस्ट २०२१ उजाडला. (युनिट म्हणजे किलोवॉट-तास. लाइटबिलावरचंच युनिट. शोरूमवाले इंग्रजी अक्षरं फेकतात म्हणून उगाच घाबरू नका.) नोव्हेंबर २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, किंमत १२.४९ लाखांपासून.

बाकी सीलसारख्या सेडान आहेत, पण चाळीस लाखांच्या पुढे. त्या बघायच्या, फोटो काढायचा आणि बसने घरी यायचं.

आता या टिगोरकडे एकदा बाजूने नीट बघा. मागची बाजू चटकन संपते. पेन्सिल घसरावी तशी. हे डिझायनरचं काम नाही, हे अर्थमंत्र्यांचं काम आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आत बसणाऱ्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं गेलं. हेतू चांगला होता, लहान गाड्या स्वस्त व्हाव्यात. पण आपल्याकडे नियम आला की पट्टी घेऊन बसणारे आलेच. २००८ मध्ये टाटाने इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस काढली. मग २०१२ मध्ये डिझायर छाटली गेली, लांबी ३९९५ मिलिमीटर. टिगोरची लांबी? ३९९३ मिलिमीटर. म्हणजे करमर्यादेला सात मिलिमीटरचा वळसा! पुढे जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ च्या कपातीनंतरही रेघेच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के.

मुद्दा असा की ही रेघ इलेक्ट्रिक गाडीला लागूच नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे. साडेतीन मीटरची असो नाहीतर पाच मीटरची. म्हणजे परवडणारी, पण ऐसपैस, पाच माणसांची खरीखुरी सेडान बनवायला करांच्या बाजूने कुणीही हात धरलेला नाही. तरी आपल्याला मिळालेली टिगोर ईव्ही मात्र पेट्रोलच्या नियमात छाटलेल्या अंगावरच उभी आहे. वर बॅटरीने डिकी खाल्ली. पेट्रोल टिगोरची डिकी ४१९ लिटर, इलेक्ट्रिकची ३१६. आणि स्टेपनीही त्यातच. बाबांची "डिकीवाली" ती हीच.

आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या हट्टापायी एक अट लिहून ठेवलेली असते. क्लायंट गेलेला असतो, अट तशीच असते आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

चीनमध्ये काय झालं ते बघण्यासारखं आहे. बीवायडीची चिन प्लस ईव्ही ही तिथली साधी, बँकेतल्या कारकुनाने घ्यावी अशी सेडान. लांबी पावणेपाच मीटरच्या वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची किंमत १,०९,८०० युआनपासून सुरू झाली. तेव्हाच्या दराने ते साधारण साडेबारा लाख रुपये होतात, म्हणजे टिगोर ईव्हीचीच किंमत. बॅटरी मात्र ४८ युनिटची. आयात शुल्क, तिथलं अनुदान, तिथलं बॅटरी उत्पादन, हे सगळं वेगळं आहे, मान्य. ती गाडी त्या किमतीत पुण्यात उभी राहणार नाही. पण "परवडणारी इलेक्ट्रिक सेडान होऊच शकत नाही" असं जे शोरूममधला मुलगा मला सांगत होता, ते मात्र खरं नाही.

आपल्याकडे उत्तर एकच, एसयूव्ही घ्या. २०२० ची नेक्सॉन ईव्ही, २०२४ ची पंच ईव्ही, सगळ्या उंच. एमजीच्या विंडसरने (सप्टेंबर २०२४) निदान लांबीच्या सवलतीचा फायदा घेतला. जवळजवळ ४.३ मीटर लांब, ६०४ लिटर डिकी. हे काम कुणीतरी केलं याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. पण तीही उंच आणि मागून सरळ भिंत.

आणि इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. (एरवी तो जावाच्या एरर बघत झोपलेला असतो.) हायवेवर गाडीची सर्वात जास्त ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. ही ताकद दोन गोष्टींवर ठरते, गाडीचा आकार किती निसरडा आणि समोरून ती किती मोठी. हिशोबासाठी ठोकळ आकडे घेऊ. सेडानचा घर्षणांक ०.३० आणि समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, उंच गाडीचे ०.३६ आणि २.५. ताशी १०० किलोमीटरला नुसती हवा कापायला सेडानला दर किलोमीटरमागे ८१ वॉट-तास लागतात, उंच गाडीला ११६. फरक ३५ वॉट-तासांचा. किरकोळ वाटतो ना? दोनशे किलोमीटरला ते सात युनिट झाले. टिगोरच्या २६ युनिटच्या बॅटरीचा पाव हिस्सा!

पेट्रोल गाडीत हा फरक टाकी मोठी करून झाकता येतो, पत्र्याची टाकी ती, तिला किती पैसे पडणार. बॅटरी हा इलेक्ट्रिक गाडीतला सर्वात महाग आणि सर्वात जड भाग. म्हणजे बुटकी, लांब, निमुळती सेडान हा विजेच्या गाडीचा सर्वात स्वस्त आकार आहे. आणि ज्या देशात माणूस मायलेज विचारल्याशिवाय स्कूटीसुद्धा घेत नाही, तिथे आपण महागडी बॅटरी बसवून भिंती ढकलत फिरतोय. मला हे पटत नाही. रस्ते खराब, म्हणून उंच गाडी, असं सांगतात. टिगोर ईव्हीचा जमिनीपासून उंचावा १७२ मिलिमीटर आहे. आमच्या गल्लीत स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाला बांधलेला स्पीडब्रेकरही तिने तिघांना घेऊन न घासता पार केला, टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम तिथूनच नेली होती.

उंच गाडीच्या बाजूने एकच कारण मला खरं वाटतं, ते आईचे गुडघे. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना दाराला धरून "अगं आई गं" करावं लागतं. त्याला माझ्याकडे समीकरण नाही. तुमच्या घरी गुडघ्यांचा प्रश्न असेल तर वरचे दोन परिच्छेद विसरा आणि उंच गाडी घ्या.

आता रेंज. लग्नाच्या बाजारात पगार विचारतात तसा हा प्रश्न सगळे विचारतात, आणि सांगितलेला आकडाही तितकाच फुगवलेला असतो. टिगोरची अधिकृत रेंज ३१५ किलोमीटर. ही चाचणी प्रयोगशाळेत होते, कमाल वेग ताशी ९०, सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि एसी बंद. एप्रिलमध्ये कोथरूडहून हिंजवडीला एसी बंद करून जाणारा कुटुंबवत्सल माणूस मला दाखवाच. एसी लावून, हायवेला, माणसं भरून किलोमीटरला १२० ते १५० वॉट-तास धरा. म्हणजे १७० ते २१५ किलोमीटर. मी १७० धरून चालतो.

आमचं गाव कऱ्हाडजवळ. पुण्याहून १६५ किलोमीटर. वाटेत खंबाटकी चढायचा-उतरायचा, पण दोन्ही टोकांच्या उंचीत फारसा फरक नाही. संयमाने चालवली तर पोचते, पण शेवटची दहा-पंधरा किलोमीटर बाबा मीटरकडे आणि मी बाबांकडे बघत राहणार. म्हणून साताऱ्यात चहाला थांबायचं आणि वीस मिनिटं फास्ट चार्जरला लावायची. चहा तसाही चुकत नाही. मुंबईचं गणित उलटं आहे. अंतर दीडशेच, पण येताना घाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर धरा. माणसांसकट साडेपंधराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला २.३ युनिट लागतात. म्हणजे बॅटरीचा जवळजवळ नऊ टक्के भाग नुसता उंचीला गेला. बारावीच्या फिजिक्सचा आयुष्यात झालेला हा माझा पहिला उपयोग. जाताना मात्र उतारावर त्यातला बराचसा भाग परत मिळतो, ब्रेक न लावता गाडी स्वतःच बॅटरी भरते. हे पहिल्यांदा बघताना काय मजा येते सांगू!

पण वर्षातून आठ-दहा वेळा होणाऱ्या या प्रवासावर गाडी ठरवायची का? रोजच्या चाळीस किलोमीटरला १७० काय आणि ३१५ काय. खरा प्रश्न पैशांचा आहे. चला, तो मांडू.

पेट्रोल शंभर रुपये धरू, शहरात एसी लावून लिटरला पंधरा. किलोमीटरला पावणेसात रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून किलोमीटरला १६० वॉट-तास. युनिट दहा रुपयांना पडलं तर एक रुपया साठ पैसे. घरच्याच मीटरवर लावली आणि वरच्या स्लॅबमध्ये जाऊन युनिट सतराला पडलं तर पावणेतीन. बाहेर फास्ट चार्जरवर बावीसने पडलं तर साडेतीन. म्हणजे घरी दहाच्या दराने किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात. साडेआठ लाखांची पेट्रोल सेडान आणि साडेबारा लाखांची इलेक्ट्रिक यात फरक चार लाखांचा, त्यातून पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात लागणारा ११ टक्के रोडटॅक्स वजा करा, जो इलेक्ट्रिकला माफ आहे. उरले तीन लाख. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे ते पाच वर्षांत फिटतात. दोन हजारवाल्याचे अडीच वर्षांत. आणि ज्याची गाडी फक्त शनिवारी डी-मार्टला जाते, महिन्याला चारशे, त्याला साडेबारा वर्षं. बॅटरीची वॉरंटी आहे आठ वर्षं! अशा माणसाने पर्यावरणासाठी घ्यावी, हौसेसाठी घ्यावी, शांत चालते म्हणून घ्यावी, पण बचत म्हणून बायकोला पटवू नये. माझं स्वतःचं महिन्याचं हजार-अकराशे होतं. म्हणजे मी काठावर.

कर्जावरच्या व्याजाची इन्कमटॅक्स सवलत अजून काही एजंट तोंडावर फेकतात, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. ती गणितात धरू नका. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातली टोलमाफी (द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू) मुंबईला वरचेवर जाणाऱ्याने जरूर धरावी.

या हिशोबात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? सगळी बचत घरच्या सॉकेटवर उभी आहे. रोज बाहेर चार्ज करायची वेळ आली तर साडेतीन रुपये किलोमीटर, आणि सीएनजीवाला चारच्या आसपास फिरतो, तेही गाडी तीन-चार लाख स्वस्तात घेऊन. मग कशाला करायचा खटाटोप? (सीएनजीत डिकीत सिलेंडर येतो हे खरं. टाटाने दोन छोटे सिलेंडर खाली बसवून थोडी जागा वाचवलीय, पण बाबांना "डिकीत गॅस" ही कल्पनाच मंजूर नाही.)

गंमत म्हणजे गावाकडच्या घरी पोर्चमध्ये पंधरा अँपियरचा सॉकेट आहे. पाण्याच्या मोटरसाठी वायरमनने काढून दिलेला. रात्री नऊला लावली की सकाळी सहाला गाडी फुल्ल. आणि पुण्यात, जिथे घराच्या किमतीत गावाकडची अख्खी आळी येईल, तिथे माझ्या मालकीच्या पार्किंगमध्ये मला वायर ओढता येत नाही. सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, तुला दिली की उद्या वीस जण मागतील." मी म्हटलं, "काका, मागू देत की. तेवढ्यासाठीच तर सरकार ओरडतंय." काका म्हणाले, "सरकार येणारे का ट्रान्सफॉर्मर बदलायला?"

काकांवर हसू नका, त्यांचा प्रश्न बरोबर आहे. एक गाडी म्हणजे ३.३ किलोवॉट, रात्रभर चालू असलेला एक मोठा गीझर. तेवढं कुठल्याही बिल्डिंगला झेपतं. वीस गाड्या एकदम लागल्या तर ६६ किलोवॉट, आणि आमच्या बिल्डिंगचा लोड मंजूर झाला तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण वीसही गाड्या रोज रिकाम्या होऊन येत नाहीत. चाळीस किलोमीटर चाललेल्या गाडीला दोन तास पुरतात. आळीपाळीने वीज देणारे चार्जर मिळतात, रात्री अकरानंतर लिफ्ट आणि पंप झोपलेले असतात, आणि ज्याची गाडी त्याचं वेगळं मीटर केलं तर सोसायटीच्या बिलाला धक्का नाही. हे सगळं मी एका पानावर लिहून दिलंय. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली होती, ते पानही जोडलंय. विषय वार्षिक सभेत येईल. आमच्या सभेत मागच्या वर्षी कबुतरांच्या जाळीवर दीड तास गेला होता, त्यामुळे मी डबा घेऊनच जाणार आहे.

तोवर शोरूमला बुकिंगचे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलंय. आणि कुणी याच वाटेवर असेल तर त्यालाही हेच सांगेन, आधी पार्किंगचा सॉकेट, मग गाडीचा रंग.

मधल्या काळात मी जुन्या टिगोर बघतोय. छाटलेल्या शेपटीसाठी नव्याचे पूर्ण पैसे द्यायला जिवावर येतं, पण तीच गाडी तीन वर्षं वापरलेली, भाव खाली आलेली आणि वॉरंटी शिल्लक असलेली मिळाली तर वरचं सगळं गणित दीड-दोन वर्षांवर येतं. ग्लोबल एनकॅपने २०२१ मध्ये तिला चार तारे दिले होते, तीही जमेची बाजू. फक्त बाजारात तिची टॅक्सी बहीणही फिरते, एक्सप्रेस-टी. दिसायला जवळजवळ सारखीच. ती २०२१ मध्ये आली तेव्हा १६.५ आणि २१.५ युनिटच्या बॅटरीत आली, आणि तिने आयुष्यभर फास्ट चार्जिंगच खाल्लेलं असण्याची शक्यता फार. एप्रिल २०२५ मध्ये ब्लूस्मार्ट बंद पडली तेव्हा टॅक्सीसाठी घेतलेल्या अशा गाड्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. भाव ऐकून हुरळून जाऊ नका. आधी नंबरप्लेट बघा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर टॅक्सी. पाटी नवी करकरीत दिसली तर आरसी बुक मागा, त्यात पहिली नोंदणी कशी झाली ते लिहिलेलं असतं. मग बॅटरी शंभर टक्के भरून घ्या, एसी लावा, आणि विकणाऱ्याला शेजारी बसवून गाडी हायवेने शिरवळपर्यंत नेऊन परत आणा. शंभर किलोमीटरच्या त्या फेरीत काटा कितीवर आला, तेवढा एक आकडा लिहून घ्या. साठ टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर त्याला चहा पाजा आणि दुसरी गाडी शोधा.